वन्यजीव माहितीपटाचे पदव्युत्तर शिक्षण : धुऱ्यापासून प्रवेशापर्यंत

दर उन्हाळ्यात पदवीचे शेवटचे पेपर संपले की चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ या जिल्ह्यांतली तीन-चार मुले-मुली मला एकच प्रश्न विचारतात : वन्यजीवांवरचे माहितीपट करायला कुठे शिकावे आणि त्यासाठी काय काय करावे लागते? बहुतेकांकडे भाड्याच्या कॅमेऱ्याने सफारीत टिपलेली वाघाची दृश्ये असतात आणि तेवढ्यावर प्रवेश मिळेल अशी त्यांची समजूत असते. माझीही तीच समजूत होती. आमचे गाव चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वारापासून फार दूर नाही. त्यामुळे पहिल्या अर्जासोबत मी जी तीन मिनिटांची चित्रफीत पाठवली, तीत पाणवठ्यावर बसलेली वाघीण, रस्ता ओलांडणारी वाघीण आणि पुन्हा पाणवठ्यावरचीच वाघीण, एवढेच होते. मुलाखतीत एका परीक्षकांनी विचारले, "तुमच्या गाडीशेजारी आणखी किती गाड्या उभ्या होत्या?" मी म्हणालो, अकरा. "मग त्यातली एकही चित्रफितीत कशी नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्या वर्षी प्रवेशही मिळाला नाही.

पुढची सगळी माहिती त्या प्रश्नानंतर केलेल्या तयारीतून आलेली आहे. खेड्यातून, बेताच्या पैशात आणि मराठी माध्यमातून शिकून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ती क्रमाने मांडली आहे. साधारण दीड वर्षाची मुदत हाताशी आहे असे धरले आहे, कारण त्याहून कमी वेळात नीट तयारी होत नाही.

पहिली पायरी : काम ठरवावे, मग अभ्यासक्रम

"वाइल्डलाइफ फिल्ममेकर" या एका शब्दात निदान पाच-सहा वेगवेगळी कामे दडलेली असतात. कॅमेरा चालवणारा वेगळा, ध्वनिमुद्रण करणारा वेगळा, संकलक वेगळा. कथा शोधून शास्त्रज्ञांशी बोलणारा, परवानग्या आणणारा, चित्रीकरणाचे वेळापत्रक आखणारा संशोधक वेगळा, आणि या सगळ्यांना एका सूत्रात बांधणारा दिग्दर्शक-निर्माता आणखी वेगळा. ब्रिटनमधल्या या उद्योगात रनर म्हणजे पडेल ते काम करणारा मदतनीस, मग संशोधक, सहायक निर्माता आणि मग निर्माता-दिग्दर्शक अशी पदांची उतरंड आहे, आणि तिथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी बहुधा तळच्या दोन पायऱ्यांपैकी एकीवर पाय ठेवतो. एवढा खर्च करून आपल्या हाती लगेच मोठी लेन्स येईल अशी कल्पना करून जो जातो, त्याची निराशा होते.

म्हणून आधी स्वतःला विचारावे की आपल्याला यातल्या कोणत्या कामात रस आहे. प्राणिशास्त्राची पदवी घेतली असेल, वहीत नोंदी ठेवण्याची सवय असेल आणि लोकांशी बोलता येत असेल, तर संशोधक-दिग्दर्शकाची वाट जवळची आहे. लग्नाच्या चित्रीकरणात दोन हंगाम काढले असतील तर कॅमेऱ्याची वाट जवळची, आणि या अनुभवाची लाज वाटू देऊ नये. मांडवातल्या गर्दीत, पुन्हा न घडणारा क्षण पहिल्याच वेळी टिपण्याची जी सवय तिथे लागते, ती जंगलात उपयोगी पडते.

दुसरी पायरी : आपला विषय घराजवळ शोधावा

प्रवेश-समितीसमोर दरवर्षी वाघाची दृश्ये ढिगाने येतात. तुमच्याहून महागड्या कॅमेऱ्याने, तुमच्याहून जास्त दिवस जंगलात राहून ती टिपलेली असतात. त्या स्पर्धेत उतरण्यात अर्थ नाही. ग्रामीण विदर्भातल्या माणसाकडे त्याच्या मोबदल्यात एक गोष्ट आहे : वर्षभर तिथेच राहणे. बाहेरचा चित्रपटकार आठ दिवसांसाठी येतो आणि सहा सफाऱ्या करून जातो. तुम्हाला मात्र कोणत्या शेतात रोही, म्हणजे नीलगायी, उतरतात, मोहफुले वेचायला बाया पहाटे किती वाजता निघतात, शेतीच्या फीडरवर रात्रपाळीची वीज आली की ओलितासाठी कोण एकटे जाते, हे न विचारता माहीत असते.

विषयांची वाण नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांपैकी एकाच तलावाचे एक वर्ष हा पुरेसा विषय आहे. गोंदियातल्या धानाच्या बांध्यांत घरटे करणारा सारस आणि त्या बांधीचा मालक यांचे नाते हा दुसरा. मेळघाटातला रानपिंगळा तिसरा. हा पक्षी नामशेष झाला असे शतकाहून अधिक काळ मानले जात होते आणि १९९७ मध्ये तो महाराष्ट्रातच, नंदुरबारकडच्या जंगलात पुन्हा सापडला. लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, तेही चांगले, परंतु तिथे गर्दी फार.

मी स्वतः दुसऱ्या अर्जासाठी टिटवी निवडली. तिची निवड कशी झाली आणि तिच्यावर काम कसे केले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण अभ्यासक्रमात जे शिकवतात त्याचा बराच भाग त्या एका पक्ष्याने आधीच शिकवला.

टिटवी उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते. बहुधा चार अंडी असतात, मातीच्या रंगाची, वर काळपट ठिपके. ती सुमारे चार आठवडे उबवावी लागतात आणि नर-मादी आळीपाळीने बसतात. मे महिन्याच्या उन्हात अंडी नुसती उबवायची नसतात, ती भाजू नयेत म्हणून सावलीही धरायची असते. दुपारी टिटवी डबक्यापाशी जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. गावात तिच्या अंड्यांच्या जागेवरून पावसाचा अंदाज बांधतात, अंडी उंचवट्यावर दिसली की पाऊस जास्त असे म्हणतात. आणि या सगळ्यावर मिरगाच्या पेरणीचे दडपण असते, कारण अंडी फुटायच्या आत त्या शेतात वखर फिरणार असते. सुरुवात, ताण आणि शेवट असलेली कथा अशी आयती आमच्या धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, वीस पावलांवर पडली होती. वखर अंड्यांपाशी येईल तेव्हा वखरणारा तेवढी जागा सोडेल की नाही, हा त्या चित्रपटाचा प्रश्न होता. त्याला आधी जाऊन "जागा सोडा" असे सांगायचे नाही, ही मी स्वतःला घातलेली अट होती. आणि ती पाळणे सगळ्यात अवघड गेले. त्याने जागा सोडली. सोडली नसती तर तेही दाखवावे लागले असते, आणि तेव्हा मी गप्प बसलो असतो की धावत गेलो असतो, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. पुढे मुलाखतीत नेमके हेच विचारले गेले, आणि मी हेच उत्तर दिले.

तिसरी पायरी : पाच मिनिटांचा नमुना-चित्रपट

नमुना-चित्रपट तीन ते पाच मिनिटांचा पुरे. त्यात सुंदर दृश्यांची माळ नको, एकमेकांत गुंतलेले दृश्यक्रम हवेत. टिटवीचेच उदाहरण घेतले तर : सारे शेत आणि त्यात ठिपक्याएवढा पक्षी, मग अंड्यांवर बसलेली टिटवी मध्यम अंतरावरून, मग तिचा डोळा, मग ती ज्याकडे पाहते ते गावातले कुत्रे, मग पुन्हा टिटवी, उठलेली. हा "ती कशाकडे पाहते" तो तुकडा नवखे लोक घेतच नाहीत. आमच्या भागातले एक जुने वाटाडे पर्यटकांना म्हणायचे, "तुमी वाघाले पायता जी, वाघ कोनाले पायते थेबी पाहा." दृश्यक्रमाचे याहून चांगले शिक्षण मला नंतर वर्गातही मिळाले नाही.

साधनांवर सुरुवातीला फार पैसे घालू नयेत. हातातल्या चांगल्या मोबाइलवर माणसांची, शेताची आणि किड्या-मुंग्यांची दृश्ये नीट येतात. पक्ष्यांसाठी मात्र लांब पल्ल्याची लेन्स लागते, ती तालुक्याच्या गावातून भाड्याने आणावी आणि भाड्याचे दिवस मोजूनच चित्रीकरण आखावे. पैसे घालायचेच असतील तर ते आधी दणकट तिपाईवर आणि वेगळ्या ध्वनिमुद्रकावर घालावेत. गाडीच्या काठावर लेन्स टेकवायला कापडी पिशवी शिवून घ्यावी आणि ती रिकामीच सोबत न्यावी. पोहोचल्यावर तीत ज्वारी नाहीतर तूर भरली की काम भागते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० हे साधे माप आधी हाताला बसवावे, मंद गतीची हौस नंतर करावी. मे महिन्यात कॅमेरा तापून बंद पडतो, तेव्हा त्यावर ओला नव्हे, कोरडा पांढरा दुपट्टा टाकावा. आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

आवाजाकडे नवख्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शंभर मीटरवरून लेन्सने प्राणी जवळ दिसतो, पण त्याच्या पावलांचा आवाज शंभर मीटर दूरच राहतो. म्हणून वन्यजीवपटातले पुष्कळसे बारीक आवाज वेगळे मुद्रित करून नंतर जोडलेले असतात. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक प्रहरी, कुणीही न बोलता निदान दोन मिनिटे नुसता परिसराचा आवाज घ्यावा. चितळाचा आणि वानराचा इशारा, पहाटेची मोहाच्या झाडाखालची टपटप, रात्री पिकाच्या राखणीला, जागलीला बसलेल्याचे डबडे वाजवणे आणि त्याची लांबून येणारी आरोळी, हे आवाज तुमच्याकडे आहेत आणि शहरातल्या अर्जदाराकडे नाहीत. माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी मात्र घालावीच, नाहीतर सगळ्यावर वैशाखातला वारा घरघरत राहतो.

चित्रीकरण किती जागा खाते याचा हिशेब आधी करावा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाभराचे चित्रीकरण सुमारे ४५ जीबी होते. रोज दोन तास धरले तर आठवड्यात सहाशे जीबीच्या वर जाते. प्रत्येक दिवसाच्या कामाच्या तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, नातेवाइकाकडे का होईना. माझी एकुलती एक डिस्क मोटारसायकलच्या डिक्कीतून, खड्ड्यांच्या रस्त्यावरून प्रवास करून आली आणि पुन्हा उघडली नाही. पिल्ले अंड्यातून बाहेर येतानाचे चित्रीकरण तिच्यातच होते. त्यामुळे माझ्या चित्रपटात पिल्ले एकदम चालतानाच दिसतात.

चौथी पायरी : कायदा आणि परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २८ नुसार अभयारण्यात प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्या कलमातल्या कारणांत छायाचित्रण पूर्वीपासून होते. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीचाही स्पष्ट उल्लेख आला, आणि अधिवासात कोणताही बदल न करता व वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होता ते करावे, अशी अटही आली. महाराष्ट्रात हे अधिकार प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे असून त्यांचे कार्यालय नागपूरला आहे, ही आपल्या दृष्टीने सोय आहे. पर्यटक म्हणून काढलेल्या तिकिटावर घेतलेली दृश्ये व्यावसायिक चित्रपटात वापरता येतील असे गृहीत धरू नये. विद्यार्थी असाल तर संस्थेचे पत्र, चित्रपटाचा एक पानी आराखडा, साधनांची यादी आणि माणसांची नावे जोडून स्वतंत्र अर्ज करावा. अर्ज चित्रीकरणाच्या निदान तीन महिने आधी जावा. ताडोबाचा गाभा क्षेत्रातला पर्यटनाचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, हेही वेळापत्रकात धरावे.

ड्रोनबद्दल स्पष्टच सांगतो : वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय संरक्षित क्षेत्रावर तो उडवू नये, आणि इतरत्रही ड्रोन नियम, २०२१ लागू आहेतच. शिवाय घरट्यावरून ड्रोन नेल्यास पक्षी अंडी टाकून उठतो. परवानगी मिळाली तरी त्याचा मोह आवरता येतो का, हे पाहावे.

अभयारण्याबाहेर, आपल्याच शेतात चित्रीकरण करताना परवाना लागत नाही, पण कायदा तिथेही लागू असतो. या अधिनियमातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी वा घरटी विस्कटणे हेही येते. म्हणजे चांगली चौकट मिळावी म्हणून घरट्यापुढची काडी बाजूला करणे ही नुसती बेशिस्त नाही. जवळ किती जावे याचे मोजमाप पक्ष्यालाच विचारावे. टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली म्हणजे तुम्ही जास्त जवळ आहात. दहा मिनिटांत ती अंड्यांवर परतली नाही तर मागे सरकावे, कारण मे महिन्याच्या दुपारी उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात वाया जातात. आपल्या मागोमाग कावळे आणि कुत्री घरट्यापर्यंत येतात, त्यामुळे रोज एकाच वाटेने जाऊ नये.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि त्या प्रकाराची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, हे अनेकांना आठवत असेल. त्या गाड्यांत कॅमेरे होतेच. या विषयाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने आपण त्या गाडीत असतो तर काय केले असते, हे मुलाखतीला जाण्यापूर्वी ठरवून ठेवावे.

पाचवी पायरी : अभ्यासक्रमाची निवड

भारतात केवळ वन्यजीव माहितीपटाला वाहिलेले पदव्युत्तर अभ्यासक्रम फारसे नाहीत. त्यामुळे इथे दोन रस्ते उरतात, चित्रपट शिकून वन्यजीवांकडे वळणे किंवा वन्यजीवशास्त्र शिकून चित्रपटाकडे वळणे.

पहिल्या रस्त्यावर पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था आहे, १९६० मध्ये स्थापन झालेली. तिथे चित्रपट विभागात दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी यांचे तीन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि दूरचित्रवाणी विभागात एका वर्षाचे अभ्यासक्रम असतात. खेड्यातून येणाऱ्या, घरच्यांना तीन वर्षे थांबा म्हणू न शकणाऱ्या विद्यार्थ्याने त्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमांचा गांभीर्याने विचार करावा, असे माझे मत आहे. कोलकात्याची सत्यजित रे चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातले १९८२ मध्ये सुरू झालेले ए. जे. के. जनसंज्ञापन संशोधन केंद्र हे आणखी पर्याय. या दिल्लीच्या केंद्रात माहितीपटाकडे विशेष लक्ष दिले जाते. तिथे शिकलेल्या शौनक सेन यांच्या दिल्लीतल्या जखमी घारींवरच्या माहितीपटाला २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत पुरस्कार मिळाले. त्यात वाघ नाही, जंगल नाही. तळघरात पक्ष्यांवर उपचार करणारी दोन भावंडे आहेत.

दुसऱ्या रस्त्यावर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची वन्यजीवशास्त्रातली एम.एस्सी. आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला वन्यजीवशास्त्र व संवर्धनाचा अभ्यासक्रम हे ठळक पर्याय आहेत. प्रवेश कठीण, जागा मोजक्या. पण इथून बाहेर पडलेल्याला कोणता प्राणी काय करतो आहे हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही, आणि कॅमेरा नंतरही शिकता येतो.

परदेशात सर्वांत जास्त विचारले जाते ते ब्रिस्टल. बीबीसीचा नॅचरल हिस्टरी विभाग १९५७ पासून त्या शहरात आहे, आणि तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडचा वन्यजीव चित्रपटनिर्मितीचा एक वर्षाचा एम.ए. अभ्यासक्रम त्या विभागाच्या सहकार्याने चालतो. इथे एक गोंधळ टाळावा : युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिस्टल हे वेगळे विद्यापीठ आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीने सगळी कागदपत्रे चुकीच्या विद्यापीठाच्या नावाने तयार केली होती. अमेरिकेत बोझमन इथल्या माँटाना स्टेट युनिव्हर्सिटीत विज्ञान आणि निसर्ग-इतिहास चित्रपटनिर्मितीचा तीन वर्षांचा एम.एफ.ए. आहे, विज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्यांना चित्रपट शिकवावा या कल्पनेवर तो उभा आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बी.एस्सी. झालेल्यांना तो जवळचा वाटतो. मात्र तीन वर्षांचा खर्च एका वर्षाच्या खर्चाशेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा.

कोणताही अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकावरचे हत्ती पाहू नयेत. तीन गोष्टी विचाराव्यात : शेवटचा चित्रपट विद्यार्थी कुठे चित्रित करतात आणि त्याचा खर्च कोण करते, मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज काय काम करतात, आणि साधने वर्गाबाहेर किती दिवस मिळतात. या प्रश्नांची उत्तरे माजी विद्यार्थ्यांकडून मिळतात, आणि नम्रपणे चार ओळींचे पत्र लिहिले तर त्यांतले बरेच जण उत्तर देतात.

सहावी पायरी : पैसा आणि कागदपत्रे

इथे विद्यार्थी सर्वांत उशिरा जागे होतात. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीही संबंधित विभागांच्या योजना आहेत. यांतल्या जागतिक क्रमवारीच्या अटीकडे सर्वांत आधी पाहावे. वन्यजीव चित्रपटाचा नावाजलेला अभ्यासक्रम क्रमवारीत वरच्या विद्यापीठात असेलच असे नाही, आणि विद्यापीठ यादीत बसत नसेल तर बाकीचा अर्ज कितीही उत्तम असला तरी उपयोग नसतो. ब्रिटनसाठीची चीव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा सगळा खर्च देते, परंतु तिला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. पदवीनंतर लगेच जाण्याची घाई नसेल तर ही अट अडचणीची नाही. ती दोन वर्षे एखाद्या संवर्धन संस्थेत किंवा स्थानिक वाहिनीत काढावीत आणि तासांचे दाखले वेळच्या वेळी घ्यावेत. जे. एन. टाटा एंडोमेंट ही १८९२ पासूनची संस्था परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते.

जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला हे सगळे अर्ज सुटण्याच्या वेळी सेतू केंद्रात धावत जाऊन मिळत नाहीत. जातवैधतेला तर महिने लागतात. ज्या दिवशी नमुना-चित्रपटाचे चित्रीकरण सुरू कराल त्याच दिवशी दाखल्यांची फाइलही सुरू करावी. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी शुल्काची आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. पाहुण्याकडून आठ दिवसांसाठी पैसे आणून हे जमत नाही. आणि एक आगंतुक सल्ला : ओलिताखालचे वावर विकून या शिक्षणाला जाऊ नये. या क्षेत्रात पहिली काही वर्षे कंत्राटी कामाची असतात, मिळकत सलग नसते, आणि घरी ते वावर असणे हाच त्या वर्षांतला आधार असतो.

सातवी पायरी : निवेदन आणि मुलाखत

अर्जासोबतचे निवेदन आधी मराठीत लिहावे, बाजूला ठेवावे आणि मग न पाहता इंग्रजीत नव्याने लिहावे. भाषांतर केले की त्यात "लहानपणापासून निसर्गाची आवड" असली वाक्ये येतात, जी प्रत्येकाच्याच निवेदनात असतात. एक प्रसंग सांगावा, एक चूक सांगावी, आणि पुढचा चित्रपट कोणता करायचा आहे तो नावानिशी, गावानिशी सांगावा. ब्रिटनमधले अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ च्या आसपास गुण मागतात. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला लेखनाचा भाग जड जातो, तेव्हा त्याला चार महिने द्यावेत. मुलाखतीत इंग्रजी अडखळली तर थांबून बोलावे, वेग वाढवू नये. प्रश्न बहुधा भाषेचे नसतात, निर्णयांचे असतात : हे दृश्य का ठेवले, कुठून घेतले, काय घेता आले नाही, आणि या चित्रपटातल्या माणसांना तो दाखवला का?

हा शेवटचा प्रश्न अनपेक्षित नसावा म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वीच तो चित्रपट गावात दाखवावा. संकलन पक्के करण्याआधी निदान दोन आठवडे हातात ठेवावेत. ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणावी, प्रोजेक्टर तालुक्याहून आणावा, आणि त्या दिवशी वीज कोणत्या पाळीत आहे ते आधी विचारून ठेवावे. ज्यांची तोंडे दिसतात त्यांच्याकडून लेखी संमती तेव्हाच घ्यावी. कागद मराठीत असावा आणि मोठ्याने वाचून दाखवावा. वही घेऊन मागे बसावे. आमच्याकडे पहिल्या खेळात एका आजींनी चित्रपट मध्येच थांबवायला लावला आणि सांगितले की पार्श्वभूमीला जो पक्षी ओरडतो आहे तो पहिला पाऊस झाल्याशिवाय बोलत नाही, मग जमीन कोरडी कशी? तो चातक होता. मी त्याचा आवाज जूनमधल्या मुद्रणातून उचलून मे महिन्याच्या दृश्याखाली टाकला होता. दुसऱ्या दिवशी तो काढला आणि त्या जागी मे महिन्यातलाच परिसराचा आवाज बसवला.